पारा सहाच्या खाली जाण्याआधी: नाशिककरांसाठी थंडीच्या लाटेची तयारी

नाशिकमध्ये बर्फ पडत नाही, म्हणून आपल्याकडे थंडीची तयारी कपाटातून स्वेटर काढण्यापुरतीच राहते. पण ७ जानेवारी १९४५ रोजी नाशिकचा पारा ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तापमान २ अंशांच्या आसपास आले होते. काश्मीरमधल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील, पण त्याच्या घरात बुखारी (खोली तापवणारी शेगडी) असते, भिंती जाड असतात आणि अंगात फिरन (लांब, सैल उबदार झगा) असतो. आपली घरे मे महिन्याच्या उन्हाचा विचार करून बांधलेली आहेत. फरशी गार, खिडक्या मोठ्या आणि स्लॅब उघडा, त्यामुळे बाहेर ६ अंश असताना आतली खोलीही पहाटेपर्यंत पार गारठलेली असते.

या लेखात सगळ्यात महत्त्वाचे सांगायचे आहे ते आधीच सांगतो. नाशिकच्या लाटेत दिवसा ऊन असते, तेही भरपूर. पहाटे ६ अंश असले तरी दुपारी पारा २५ च्या पुढे जाऊ शकतो. ही दुपारची ऊब घरात धरून ठेवणे ही आपली पहिली तयारी. विजेवर किंवा गॅसवर उष्णता तयार करणे त्यानंतर येते. आणि कोळशाची आग बंद खोलीत आणणे तर कधीच नाही, कारण थंडीपासून वाचायला केलेला हा उपाय थंडीपेक्षा लवकर जीव घेतो.

लाट येते आहे, हे दोन दिवस आधी ओळखा

उत्तर भारतात पश्चिमी झंझावात येतो, हिमालयात बर्फ पडतो, तो झंझावात पुढे सरकतो आणि मग उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे उतरतात. त्याच वेळी आकाश निरभ्र असेल तर रात्री जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. ढगांचे पांघरूण नसते. म्हणून काश्मीर-हिमाचलात मोठी बर्फवृष्टी झाल्याची बातमी आली आणि पाठोपाठ आपल्याकडे वारा उत्तरेचा झाला, आकाश स्वच्छ झाले, हवा कोरडी पडून ओठ फुटू लागले, की पुढचे दोन-तीन दिवस सावध राहावे.

भारतीय हवामान विभागाचा निकष असा आहे: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल, तर ती थंडीची लाट. त्याहूनही खाली गेले तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला की लाट आणि २ अंशांवर आला की तीव्र लाट धरतात. नाशिकचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे ढोबळ हिशेबाने पारा सहाच्या खाली चालला की तुमच्या घरची तयारी पूर्ण झालेली असली पाहिजे.

हवामान विभागाच्या ‘मौसम’ ॲपवर जिल्ह्याचा इशारा रंगांत दिसतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पण बातमीतला आकडा एका वेधशाळेचा असतो हे लक्षात ठेवा. मेन रोड, शालिमारसारख्या दाट वस्तीत रात्र थोडी उबदार राहते. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगावकडे मळ्यांना लागून असलेली घरे आणि गोदावरी-नासर्डीच्या काठचे सखल भाग जास्त गार पडतात, कारण गार हवा जड असते आणि ती खोलगट जागेत साठते. साधा भिंतीवरचा तापमापक विकत घ्या आणि ज्या खोलीत घरातले सर्वांत म्हातारे किंवा सर्वांत लहान माणूस झोपते, तिथे लावा. जागतिक आरोग्य संघटना घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे सांगते. आपल्या घरात पहाटे तेवढे टिकणे अवघड आहे, पण १२ आणि १७ यांत फार मोठा फरक असतो.

दुपारी ऊन आत घ्या, चार वाजता घर मिटा

सकाळी दहा-अकरा वाजता दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण बाजूला करा, पश्चिमेचे दुपारी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते. ते फरशीवर आणि भिंतीवर पडू द्या. याच वेळात खिडक्या उघडून घर हवेशीर करून घ्या. गाद्या, गोधड्या, वाकळी, उशा गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हात टाका. कापसातली दमट हवा निघून जाते आणि तोच जिन्नस रात्री जास्त ऊब धरतो.

मग चार-साडेचारला, ऊन ओसरायच्या आधी, घर मिटायला घ्या. बहुतेक घरांत हेच उशिरा होते: आठ वाजता गारठा जाणवला की मग खिडक्या लागतात, तोवर ऊब निघून गेलेली असते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फटीत जुन्या साडीच्या घट्ट वळकट्या दाबा. मुख्य दाराखालच्या फटीला पोत्याची किंवा चादरीची गुंडाळी लावा. काचेवर जाड पडदा हवा, नसेल तर सोलापुरी चादर दोरीवर टाकून दिली तरी चालते. रात्री सगळ्यांनी एक-दोन खोल्यांतच झोपावे. चार खोल्या गरम ठेवता येत नाहीत, एक ठेवता येते, आणि माणसांच्या अंगाची उष्णताही त्या खोलीत कामी येते.

मात्र खोली डबाबंद करू नका. वरचे व्हेंटिलेटर, किंवा एका खिडकीची दोन बोटे फट, कायम उघडी राहू द्या.

पत्र्याच्या घरांचे दुखणे वेगळे असते. पत्रा रात्री उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही गार पडतो आणि आतली वाफ त्यावर जमून पहाटे थेंब पडतात, पांघरूण ओले होते. पत्र्याखाली एक-दीड वीत अंतर सोडून जुन्या साड्या, फ्लेक्स किंवा ताडपत्री ताणून बांधा. मधल्या हवेच्या थराने गारवा खाली यायचा थांबतो आणि थेंबही वरच अडतात. चूल किंवा दिवा त्या कापडापासून लांब हवा, एवढे मात्र कटाक्षाने पाहा.

अंथरूण पांघरुणाइतकेच महत्त्वाचे

आपण पांघरुणे वाढवत जातो आणि खाली एकच सतरंजी असते. शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड फरशी अंगातली उष्णता सतत ओढून घेते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाली आधी पुठ्ठे किंवा चटई, त्यावर घोंगडी, त्यावर गादी किंवा दोन घड्यांची गोधडी अशी रचना करावी. पलंग असेल तर म्हाताऱ्या माणसाला तो द्या, पण तो बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

वर एका जाड रजईपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. थरांच्या मधली हवा ऊब धरते. कपड्यांचेही तसेच: अंगाला सुती बनियन, त्यावर लोकरीचे, गरज पडली तर वर वारा अडवणारे. पायमोजे घट्ट नकोत, रक्त अडते आणि पाय जास्त गार पडतात. घोंगडी टोचते म्हणून घरातून गेली आहे खरी, पण लोकर दमट झाली तरी ऊब देते, हा तिचा मोठा गुण आहे. घरात जुनी असेल तर फेकू नका.

शेगडी, गॅस गिझर आणि रॉड

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

निखारे धगधगत असतात, धूर दिसत नाही, म्हणून माणसाला वाटते की आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. नेमका तेव्हाच धोका असतो. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला चिकटते, आणि मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी सुरू झाली, तर ती थंडीची समजू नका. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि १०८ वर फोन करा.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, बाळाला आणि बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी द्यायची पद्धत आहे. घरातल्या मोठ्या बायकांनी ती मायेने जपली आहे. पण जुन्या वाड्यात कौलांच्या फटींतून वारा खेळायचा, आजच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये तो खेळत नाही. बाळाला धूर अजिबात नको, त्याची फुप्फुसे नाजूक असतात. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून, कोणी तरी जागे बसलेले असताना द्या, आणि शेक झाला की शेगडी खोलीबाहेर, घराबाहेर न्या. रात्रभर शेगडी ठेवणे पूर्ण बंद. आजीशी वाद घालण्यापेक्षा शेक देण्यासाठी कोमट पाण्याची पिशवी तिच्या हातात द्या, ती समजून घेते.

गॅस गिझरचा प्रकारही तोच. लहान बाथरूम, दार बंद, खिडकीला थंडीमुळे कागद लावलेला, आणि आत गिझर पेटलेला. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून पाणी पाइपने आत आणणे हाच खरा उपाय. ते लगेच जमत नसेल तर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्या, मगच अंघोळीला जा. एकामागून एक सगळ्यांनी आत जाऊ नये. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर वापर थांबवून मेकॅनिकला बोलवा. अंघोळीला गेलेल्या माणसाला अधूनमधून हाक मारायची सवय ठेवा, आणि लाटेच्या दिवसांत बाथरूमची आतली कडी न लावलेलीच बरी.

विजेचा हीटर २००० वॉटचा असेल तर तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. साधे छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणून हीटर आणि रॉड १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर नको, आणि हीटर व गिझर एकाच वेळी नको. हीटरपासून पांघरूण, पडदा, मच्छरदाणी किमान तीन फूट लांब. पाणी तापवायचा रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत बुडवूनच सुरू करा, आणि पाण्यात बोट घालून पाहण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

आजी-आजोबा, बाळ आणि आजारी माणूस

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून ज्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांनी लाटेच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांचा डोस तपासून घ्यावा आणि किमान पंधरा दिवसांची औषधे घरात ठेवावीत. पहाटे पाचचे फिरणे या दिवसांत बंद. गोदाघाटावर किंवा कॉलेज रोडला फिरायला जायचेच असेल तर ऊन वर आल्यावर जा. पारा सर्वांत खाली असतो तो मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास. पहाटे उठल्या उठल्या गादीतून झटकन उभे राहू नये. दोन मिनिटे बसून, स्वेटर-कानटोपी घालून, मग उठावे. अंघोळ दुपारी. गच्चीवरच्या टाकीतले पाणीही तेव्हा कोमटलेले असते.

मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. गरम पाण्याची पिशवी पायाला लावून झोपले की फोड येतात आणि कळतही नाही. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आधी अंथरूण गरम करा आणि झोपताना काढून घ्या. शेकोटीजवळ पाय पुढे करून बसणेही त्यांनी टाळावे.

दमेकऱ्यांनी सकाळी नाकावरून मफलर घ्यावा. लाटेत गार हवा खाली बसून राहते, तीच हवा शेकोट्यांचा धूर आणि वाहनांचा धूरही खालीच अडवून ठेवते.

नवजात बाळासाठी आईची छाती हीच सर्वांत चांगली ऊब. बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घालायचे. दवाखान्यात याला कांगारू पद्धत म्हणतात, घरी वडील किंवा आजीसुद्धा हे करू शकतात. बाळाच्या तोंडावर पांघरूण येता कामा नये. तेल लावणे-अंघोळ दुपारच्या उन्हात, पटकन, आणि पुसून लगेच कपडे. पोट आणि पाठ हाताला उबदार लागली तर बाळ ठीक आहे. पोट गार लागत असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.

अंग गार पडत असेल तर

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ती तातडीची वैद्यकीय अवस्था असते. आधी कापरे भरते. मग बोलणे जड होते, बटणे लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. आणि एकाएकी कापरे थांबते. घरच्यांना वाटते बरे वाटू लागले, पण शरीर हरत असल्याची ती खूण असते. म्हाताऱ्या माणसांत कापरे दिसतही नाही, नुसती गुंगी येते.

अशा वेळी १०८ ला फोन करा. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, डोके झाका. ऊब द्यायची ती छाती, मान, काखा आणि जांघेत. हातपाय चोळू नका, उकळत्या पाण्यात पाय घालू नका, उचलताना आदळआपट करू नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा किंवा दूध द्या. दारू मुळीच नको. तिने अंगात ऊब आल्याचा भास होतो, पण त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडून आतली उष्णता बाहेर निघून जाते. थंडीच्या रात्री दारू पिऊन उघड्यावर झोपणारा म्हणूनच सर्वाधिक धोक्यात असतो.

पहाटे बाहेर पडावेच लागते त्यांच्यासाठी

सातपूर-अंबडची पहिली पाळी, दूध, पेपर, भाजी मार्केट: शहर चालवणारी माणसे पहाटेच निघतात. ८ अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी चालवली तर उघड्या त्वचेला सुमारे ३ अंशांची थंडी जाणवते. म्हणून स्वेटरवर वारा अडवणारे जॅकेट हवेच. नसेल तर छातीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर आणि त्यावर शर्ट, हा जुना उपाय अजूनही चालतो. हातमोज्यांशिवाय बोटे आखडतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. धुके असेल तर दिवा लो बीमवर ठेवा. हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून परतून डोळ्यांवरच येतो.

मुलांच्या बाबतीत, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असे राज्य शासनाचे परिपत्रक फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आहे. पाचवीपुढच्या मुलांची शाळा सातला असेल तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे लाटेपुरती वेळ बदलून मागावी.

स्वयंपाकघर

इथे फार सांगायची गरज नाही, आपल्या घरांना हे येते. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, कुळथाचे पिठले, डिंकाचे-मेथीचे लाडू. एकच गोष्ट विसरली जाते ती पाणी. थंडीत तहान लागत नाही, म्हातारी माणसे रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी तोडतात. दिवसभर थोडे थोडे कोमट पाणी द्या, संध्याकाळनंतर कमी करा. सिलिंडर संपत आला असेल तर लाट सुरू होण्याआधीच नोंदवा.

सोसायटीच्या गेटपासून गोदाघाटापर्यंत

तुमच्या इमारतीचा वॉचमन कुठे बसतो ते आज रात्री पाहून या. उघड्या गेटवर प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर तीन बाजूंनी ताडपत्री, खाली पुठ्ठा, एक घोंगडी आणि चहाचा थर्मास एवढे सोसायटीने द्यावे. बंद केबिनमध्ये मात्र त्याला शेकोटी पेटवू देऊ नका, कारण वर सांगितलेला वायू तिथेही तसाच साठतो. शेकोटी मोकळ्यावर असावी, लाकडाची असावी. टायर आणि प्लॅस्टिक जाळू नये. विझवताना पाणी ओतूनच उठावे.

२०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात ठिकठिकाणी बांधकामे चालू आहेत आणि तिथले मजूर लहान मुलांसह झोपड्यांत राहतात. जवळच्या साइटवर ठेकेदाराशी बोला. ताडपत्री आणि जमिनीवर टाकायला फळ्या त्याने द्यायलाच हव्यात. गोदाघाट, बसस्थानके, नाशिकरोड स्टेशन इथे उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी महापालिकेची बेघर निवारा केंद्रे आहेत. कोणी मलूल पडलेले दिसले तर नुसते ब्लँकेट टाकून पुढे जाऊ नका, हाक मारून पाहा. उत्तर आले नाही तर १०८. एकट्या ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, आणि इतर तातडीसाठी ११२. हे क्रमांक लिफ्टजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवा.

ब्लँकेट द्यायचेच असेल तर त्याबरोबर खाली अंथरायला ताडपत्री किंवा जाड गोणपाट द्या. फुटपाथवर खालचा गारठा जास्त बाधतो. भटक्या कुत्र्यांसाठी जिन्याखाली एक पोते पुरते. मांजरे रात्री गाडीच्या गरम इंजिनाजवळ शिरतात, सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

इमारतीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर सकाळी साडेसात आणि रात्री नऊ अशा दोन वेळा ठरवून कोणी तरी फोन करावा. नाव ठरलेले असावे, नाहीतर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केला असेल. दोनदा रिंग जाऊन उचलला नाही तर दार वाजवायचे, आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे आधीच माहीत असले पाहिजे.

संक्रांत झाली की आपण तयारी गुंडाळू लागतो, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकने कडाक्याची लाट पाहिली आहे. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे म्हणतात, तेव्हा खिडक्यांच्या वळकट्या आणि जमिनीवरचे पुठ्ठे होळीपर्यंत काढू नका. काढाल तेव्हा गोधड्या उन्हात वाळवून ठेवा आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवण्याचे काम पुढच्या दिवाळीआधी उरकून घ्या.